कुंपणावरची जनसुनवाई

“वैनी, कोपऱ्यावरच्यांची छोटी अजून बोलत नाही, ठाऊक आहे का तुला?”

जिजींनी हे माझ्या कानात सांगितलं, म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. जन्म गेला घरातल्या सांच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खटखटाटात, नोकरी झाली आंगनवाडीत. हळू बोलायचा सराव कधी झालाच नाही. बऱ्हाणपुरात कलेक्टर ऑफिसची जनसुनवाई दर मंगळवारी असते, आमच्या तारेच्या कुंपणावरची रोज. तिथे अर्ज लागतो. इथे निवडायला भाजी आणली की पुरतं.

“तीन वर्षांची झाली ना ती?” मी मेथीची जुडी सोडली.

“सव्वातीन. आजी म्हणते, तिचा बापही उशिराच बोलला. आता त्या बापाला गप्प करणारा जन्माला यायचाय, तेही खरं. पण वैनी, परवा मी मुद्दाम तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट पाडलं. पायरीवरचं मांजर पळालं. पोरगी वळून पण पाहिना.”

माझा हात थांबला. “म्हणजे ऐकू येत नाही?”

“ते डॉक्टर सांगतील. पण दाखवलं तर ना! आमच्या आंगनवाडीत डॉक्टरांची गाडी वर्षातून दोनदा यायची. बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ला तिकडे पालघरला सुरू झाला, मग सगळ्या देशात. जन्मल्यापासून अठरा वर्षांपर्यंतची पोरं तपासायची. ओठ फाटलेला, पाय वाकडा, हृदयाला छिद्र, कान, डोळे, उशिरा चालणं, उशिरा बोलणं. काही सापडलं की चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात. वाकडे पाय घेऊन जन्मलेली किती पोरं नुसत्या प्लास्टरवर सरळ झाली माझ्या डोळ्यांसमोर! आठवड्याला प्लास्टर बदलायचं, मग बूट घालायचे. वेळेत नेलं की झालं.”

“मग ही छोटी गाडीला सापडली कशी नाही?”

“गाडी आली की आजी दार लावते. मोठ्या आत्याचं लग्न ठरायचंय ना! घरात असं पोर आहे कळलं तर पाहुणे परत जातील म्हणते. लोक काय म्हणतील, हे एकच पालुपद.”

जिजी हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. बोटं चालूच, तोंडही चालूच.

“झोपलेल्या पोराच्या डोक्याला तारा लावून कान तपासतात, बेरा म्हणतात त्याला. दुखत नाही, खुपत नाही. आतल्या कानातल्या पेशी मेल्या असतील तर कॉक्लिअर इम्प्लांट. लाखांत जातं ते, पण आपल्याकडे मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, केंद्राची एडिप आहे. मोठी अट वयाची. मेंदूला ऐकायचं वळण लहानपणीच लागतं. पाच उलटली की यंत्र बसवूनही बोलणं यायला जड जातं. अन् ऑपरेशन झालं म्हणजे संपलं नाही, पुढे कितीतरी दिवस स्पीच थेरपी. आई घरातच शिकवत बसते, हे बघ भांडं, हे बघ पाणी. आत्याचं लग्न पुढच्या वर्षी पण होईल. हिचं तिसरं वर्ष परत येईल का?”

तेवढ्यात फाटकाशी बॅटरीची तीनचाकी येऊन थांबली. कियोस्कवाले भाऊ. गल्लीचे निम्मे फॉर्म त्यांच्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात भरले जातात, आणि उरलेले निम्मे ते चुकलेले म्हणून परत घेतात. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. 

“काय भाऊ, आज दुकान बंद?”

“सर्व्हर डाउन. म्हटलं, इथला सर्व्हर चालू असेल.” त्यांनी जिजींकडे पाहून हात जोडले.

जिजी म्हणाल्या, “तू आलास ते बरं झालं. वैनीला सांग, कार्ड कसं निघतं ते. कोपऱ्यावरच्या पोरीसाठी.”

“आधी विचारतो, समग्र आयडी आहे का तिचा? आपल्या मध्य प्रदेशात पोर जन्मतं दवाखान्यात, पण मोजलं जातं समग्रमध्ये नाव चढल्यावर. घराचा आठ आकडी नंबर, माणसाचा नऊ आकडी. तो नसला तर पुढचं एकही दार उघडत नाही. मग स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, फोटो, आधार. मग मेडिकल बोर्डाची तारीख. बोर्ड टक्के लिहितं, त्यावर यूडीआयडी कार्ड येतं. चाळीसच्या आत पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, त्यावर निळं. माझं निळं आहे.” हे सांगताना भाऊंचा चेहरा बोर्डात पहिला आलेल्या पोरासारखा झाला.

“चाळीसचंच काय एवढं?” मी विचारलं.

“चाळीसला पास! २०१६चा कायदा तसंच म्हणतो. नोकरीतल्या चार टक्के जागा, कॉलेजच्या पाच टक्के, पेन्शन, सगळं चाळीसच्या वर. एकोणचाळीसवाला रडत परत येतो. मी पाहिलंय, बाप म्हणतो, साहेब, पोराचा एक टक्का वाढवा. जगात कुठला बाप असं मागतो सांगा!”

जिजी हसल्या नाहीत. “अन् लोक म्हणतात, ह्याचे सत्तर कसे अन् त्याचे पन्नास कसे, पैसे चारले असतील.”

“हो ना. आता माझ्याकडे काम शिकायला खकनारकडचा कोरकू पोरगा येतो. हातपाय धडधाकट. त्याच्याकडे कार्ड पाहून लोक कुजबुजतात, फुकटचं काढलंय. सिकलसेल आहे त्याला! रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. थंडीत, पाणी कमी प्यायलं, जास्त राबलं की हाडं फुटल्यासारखी दुखतात. १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते. नव्यात एकवीस झाले, त्यात सिकलसेल आलं, थॅलेसेमिया आलं, पार्किन्सन आलं, ॲसिड हल्ला झालेल्या बायका आल्या. २०२३च्या १ जुलैला शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेलचं मिशन सुरू केलं, ते आपल्याच राज्यात. आता लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करा म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र अजून नुसती पत्रिका बघतात.”

“पत्रिकेवरून आठवलं,” जिजी पुढे सरकल्या. कुंपणाची तार वाकली. आता खरा विषय आला, हे आम्हाला दोघांनाही कळलं. “तुला दोन लाख मिळाले होते ना रे लग्नात?”

“मिळाले. मुख्यमंत्र्यांची विवाह प्रोत्साहन योजना. नवरा-बायकोत एक दिव्यांग असला तर दोन लाख.”

“अन् दोघंही असले तर?”

“एक लाख.”

“माय वं!” जिजींनी भाजी खाली ठेवली. “दोघांना जास्त लागणार की कमी? घरात दोन काठ्या, दोन गाड्या, अन् पैसे अर्धे?”

“त्यांचा हिशेब वेगळा आहे जिजी. धडधाकट माणसाने पुढे यावं म्हणून जास्त. आमची ही धडधाकट आहे. भांडताना म्हणते, सरकारने मला तुझ्याशी नांदायचे दोन लाख दिले, कमी पडले.”

आम्ही हसलो. भाऊंनी तीनचाकीची चावी बोटात फिरवली. ती गाडीसुद्धा शिबिरात मिळालेली. कानपूरच्या एलिम्कोची. १९७२ला स्थापन झालेला हा सरकारी कारखाना कुबड्या, खुर्च्या, कानाची यंत्रं बनवतो. आधी एका शिबिरात माप घेतात, काही महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात वस्तू हातात येते. भाऊ सांगतात, चावी मिळेपर्यंत त्यांचे इतके फोटो काढले गेले की तेवढे लग्नातही निघाले नव्हते.

“पण आमची ही बॅच शेवटची बरं का वैनी,” भाऊ म्हणाले. “पोलिओची भरती बंद झाली. देशातला शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११चा, बंगालातल्या हावड्याचा. २०१४ला भारत पोलिओमुक्त झाला. तुमच्या जिजींनी घरोघर दोन थेंब पाजले म्हणून.”

जिजींना कौतुक पेलत नाही. “थेंब पाजायला गेलं की पोरं पलंगाखाली लपवायच्या बाया. म्हणायच्या, झोपलाय. मी म्हणायची, मग पलंगाखाली कोण खोकतंय?” मग एकदम आवाज खाली आणून, म्हणजे फक्त चार घरांना ऐकू जाईल एवढा करून, म्हणाल्या, “रावेरची बातमी कळली का? माझी लेक दिलीय ना तिकडे.”

रावेर म्हणजे रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. बोली तीच, केळीच्या बागा त्याच, लग्नाचे नातेसंबंध इकडून तिकडे. मध्ये फक्त राज्याची सीमा.

“तिच्या दिराला पाय नाही. त्याला संजय गांधी निराधारमध्ये १५०० मिळायचे. २०२५च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना महिन्याला २५०० केलेत. अन् इथे?”

“६००,” भाऊ म्हणाले.

“सहाशे! दोन किलो तुपाचे पण होत नाहीत.”

“मग रावेरला राहायला जावं काय?” मी सहज म्हटलं.

“एवढं सोपं नाही वैनी. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, उत्पन्नाची मर्यादा आहे. आणखी एक गोष्ट. तिकडे २०२२च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी सरकारात वेगळा विभागच काढला. ग्रामपंचायतीने, पालिकेने आपल्या पैशातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. पण तिकडच्यांना विचारलं तर ते म्हणतात, नियम आहे, पैसे मागायला ग्रामसभेत बोलणारा पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे तेच. तोंड उघडेल त्याला मिळतं.”

“अन् आपल्याकडे एक चांगलं आहे, ते पण सांग की,” जिजी म्हणाल्या. त्यांना आपल्या राज्याची इतकी हार सोसवेना.

“आहे ना. बहुविकलांग अन् बौद्धिक दिव्यांग असतील, सहा वर्षांच्या पुढचे, त्यांच्यासाठी २००९पासून वेगळी मदत आहे. ती पण ६००च, पण तिला गरिबीरेषेची अट नाही. कित्येक बऱ्या घरातल्यांना माहीतच नाही. त्यांना वाटतं, पेन्शन म्हणजे गरिबांचं काम, आपण कशाला हात पसरायचा.”

“मागच्या गल्लीतल्या मावशीला मिळते ती. मीच सांगितलं होतं.”

मावशींचा मुलगा बावीस वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी. जन्मताना रडायला उशीर झाला होता. खुर्चीत बसतो, क्रिकेट बघतो, शब्द अडखळतात पण स्कोअर पाठ असतो. त्याच्या नावावर आजोबांनी थोडे पैसे ठेवले होते. तो अठराचा झाला आणि मावशी ते काढायला गेल्या, तेव्हा एका बँकेत त्यांना सांगितलं, मुलगा सज्ञान झाला, आता तुमची सही चालणार नाही.

“मी म्हटलं होतं तिला, अगं आई तू, तुझी सही नाही चालत तर कोणाची चालते? मलाच कळेना,” जिजी म्हणाल्या.

“कायद्यात तसंच आहे,” भाऊ म्हणाले. “अठरा पूर्ण झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता अन् बहुविकलांगता, ह्या चौघांसाठी १९९९चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानीय समिती असते. अध्यक्ष कलेक्टर. तिच्याकडे अर्ज केला की पालकत्वाचा कागद मिळतो. त्याच ट्रस्टचा निरामय विमा आहे, वर्षाला लाखापर्यंत. त्यात फिजिओथेरपी पण बसते. आधीच्या आजाराची चौकशी नाही, विम्याआधी तपासणी नाही.”

“मावशीच्या पोराचा कागद झाला?”

“झाला. पण तिने विचारलं, भाऊ, माझ्यानंतर ह्या कागदावर कोणाचं नाव लावायचं? तेव्हा माझ्याकडे फॉर्म नव्हता.”

थोडा वेळ नुसत्या काड्या मोडल्याचा आवाज. हा प्रश्न गल्लीतल्या कुठल्याही दुकानात सुटणारा नव्हता. घरौंदा नावाची निवाऱ्याची योजना आहे, मोठ्या शहरांत आईबापांनी मिळून काढलेली वसतिगृहं आहेत. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावात भाऊ-बहिणीचा हात धरून ठेवणं, एवढंच बहुतेकांच्या पदरी.

जिजींनीच कोंडी फोडली. “तिच्यानंतरचं पुढे बघू. ती असतानाचं काय? ती बाई किती वर्षांत इच्छापूरच्या यात्रेला गेली नाही, विचार तिला. चैत्रात सगळी गल्ली इच्छादेवीला जाते, ती दारात उभी राहून आपल्याला हात करते. मी ठरवलंय, ह्या वर्षी मी घरी. माझ्या गुडघ्यांना त्या पायऱ्या नकोच आहेत. दिवसभर त्याच्याजवळ बसते, मॅच लावते, वरणभात भरवते. तिला तू घेऊन जा वैनी.”

“त्याला उचलायचं झालं तर?”

“भाऊची बायको आहे की. दोन लाख घेतलेत तिने!”

भाऊ खळखळून हसले. पायऱ्यांचं नाव निघालं म्हणून मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं. “आपल्या कुंडी भंडाऱ्यात, १६१५च्या त्या मोगली पाणीयोजनेत, लोकांना विहिरीत लिफ्टने उतरवतात. जमिनीखालचा बोगदा पाहायला लिफ्ट! अन् एका कार्यालयात दिव्यांगांची खिडकी पाच पायऱ्यांवर आहे. मी खालून ओरडतो, साहेब खिडकीतून वाकून बघतात, म्हणतात, वर या ना. सुगम्य भारत अभियान २०१५ला सुरू झालं. माझ्यापर्यंत यायला त्याला पण पायऱ्या लागल्या असतील.”

“मग जनसुनवाईत सांगितलं नाही?”

“सांगितलं. रॅम्प झाला. इतका उभा झाला की खाली येताना ब्रेक लागत नाही. बारा इंच लांबीला एक इंच चढ, हा साधा हिशेब मिस्त्रीला कोणी सांगितलाच नाही. आता पुन्हा मंगळवारी जाणार.”

मग भाऊंनी आपल्या भाचीचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, बी.ए. झाली, बँकेची परीक्षा द्यायची म्हणते. जळगावला दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प आहे, यजुर्वेंद्र महाजनांचा. अंध, अपंग, कर्णबधिर मुलं तिथे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. संगणकाचा आवाज ऐकत वाचायला शिकतात, एकट्याने चालायला शिकतात. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात, हेसुद्धा तिला तिथल्या एका मुलाने फोनवर सांगितलं.

“घरचे पाठवतात का?” जिजींनी विचारलं.

“माझी बहीण नाही म्हणते. आंधळी पोर परगावी! मी म्हटलं, जळगाव परगाव कधीपासून झालं? आपलं स्टेशनच भुसावळ डिव्हिजनचं. सवलतीचं रेल्वे कार्ड भुसावळहूनच येतं. स्लीपरला पंचाहत्तर टक्के सूट, सोबतच्याला पण तेवढीच. म्हणजे दोघं मिळून अर्ध्या तिकिटात. तू पण जा, राहून बघ, पटलं नाही तर घेऊन ये. तेव्हा कुठे विचार करते म्हणाली.”

“तिला म्हणावं, मी येते सोबत. जळगावचं भरीत खाऊन बरेच दिवस झाले,” जिजी म्हणाल्या. आणि लगेच मूळ प्रकरणाकडे वळल्या. आंगनवाडीतल्या रजिस्टरची सवय, नाव काढलं की निकाल लागेपर्यंत पान उलटत नाहीत. “तर कोपऱ्यावरच्या छोटीचं काय करायचं?”

“तुम्हीच बोला ना आजीशी,” मी म्हटलं.

“माझं तोंड पाहत नाही ती. आंगनवाडीत असताना तीनदा घरी गेले तपासणीसाठी, म्हणून. तू जा. दराब्याचा डबा घेऊन जा, गोड खाल्लं की ऐकते. आधी पोरीचं कौतुक कर. मग म्हण, कानात मळ असेल, एकदा दाखवून येऊ. बेरा, इम्प्लांट असलं काही पहिल्याच दिवशी बोलू नकोस.”

“अन् समग्र आयडी बघून या,” भाऊ म्हणाले. “नाव नसेल तर मी घरी येऊन चढवतो. दुकानात आले तर चार लोक बघतील, त्यापेक्षा बरं.”

“आणि आत्याच्या लग्नाचं काढलं तर?”

“तर सांग, आत्याला पाहायला येणारे पाहुणे चौकशीला कुठे येतात? ह्याच कुंपणाशी. कुठल्याही स्थळाची चौकशी माझ्याकडेच होते, वीस वर्षं झाली.” जिजींनी खुडलेली भाजी पदरात घेतली आणि उठल्या. “लोक बोलतील म्हणाली तर सांग, ह्या गल्लीत बोलणाऱ्या दोघीच आहेत, एक मी अन् एक तू. अन् आपण दोघी छोटीच्या बाजूने आहोत. जा, आत्ताच जा, मेथी मी निवडते.”

त्यांनी तारेवरून हात घालून माझी परात ओढून घेतली.